हात लावायचा नाही

अल मजाजमधलं सोळाव्या मजल्यावरचं ते घर खोक्यांत जाऊन बसलं होतं. संजयराव रिटायर झाले होते, मंगळवारी कार्गोवाला येणार होता आणि शनिवारी नवरा-बायको कायमची रत्नागिरीला निघणार होती. एकोणतीस वर्षांचा शारजातला मुक्काम आता खलास. फक्त एक वस्तू सुजाताने खोक्यात जाऊ दिली नव्हती. लेकीने स्कॉटलंडहून पाठवलेली फ्लाय फिशिंगची काठी.

"आज दुपारी मी मासा पकडणार," ती म्हणाली. "मी. तुम्हाला यायचं तर या, पण हात लावायचा नाही."

"अगं, मी कधी हात लावतो?" संजयराव म्हणाले.

यावर काय बोलणार! गेल्या नोव्हेंबरात याच सुजाताच्या काठीला मासा लागला, तेव्हा हा गृहस्थ "सोड, सोड, तुला नाही झेपायचं," म्हणत धावत आला, काठी हिसकावून घेतली, मासा वर काढला, आणि घरी पोचायच्या आत नातेवाइकांच्या ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकून मोकळा झाला. खाली लिहिलं होतं, 'आमची शिकार'. सत्तावीस जणांनी अंगठे दाखवले. सुजाताने त्या दिवशी मेथीची भाजी केली आणि दोन दिवस तोंड उघडलं नाही.

माणूस वाईट नव्हता हो. उलट फारच चांगला होता, तीच तर पंचाईत होती. बरणीचं झाकण अडलं की हे हजर. बँकेचा फॉर्म हेच भरणार. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये ती दोनदा नापास झाली, तेव्हा "गरज काय? मी आहे ना," म्हणून त्यांनी फाइलच बंद करून टाकली. पण तेव्हा निदान ते आठ-आठ तास ऑफिसात असायचे. आता रत्नागिरीच्या दोन खोल्यांत दिवसभर 'मी आहे ना' सोसायचं, या विचाराने सुजाताला रात्र रात्र झोप नव्हती. आज एक मासा आपल्या हाताने काढला, तर पुढच्या वीस वर्षांचं काही खरं होतं. नाहीतर नाही.

काठीचं वेड लेकीने, काव्याने लावलं. तिच्या घरामागून ओढा वाहतो, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत ती दुपारची तिथे ट्राउट धरत उभी असते. या प्रकारात आमिष नसतं. पिसं आणि चमकत्या दोऱ्यांचा खोटा जीव गळाला बांधायचा. तो इतका हलका, की वजन असतं ते दोरीलाच. दोरी मागे-पुढे झुलवून फेकायची. "पण इथे ट्राउट कुठला?" सुजाताने विचारलं होतं. "आई, एनी फिश विल डू. जस्ट डोन्ट रश इट," लेक व्हिडिओवर म्हणाली होती. मग दोन वर्षं सुजाता रोज संध्याकाळी पार्किंगच्या गच्चीवर स्टीलच्या ताटलीत नेम धरत राहिली. वॉचमनला आधी वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

तीनच्या सुमाराला दोघं अल खानच्या समुद्रकाठच्या दगडी बांधावर पोचली. ऊन उतरलं होतं, हवा नोव्हेंबरातली, अंगाला सोसवेल अशी. सुजाताने दोरी दगडांत अडकू नये म्हणून कपडे वाळत घालायची प्लास्टिकची टोपली कमरेला बांधली. ओळखीचं कोणी बघत नाही ना, हे संजयरावांनी चारी दिशांना पाहून घेतलं.

बांधावर दौलत होता. गुहागरकडचा, दुबईतल्या मुहैस्नाहच्या मजूर-कॅम्पात राहणारा, परांची बांधायचं काम करणारा. रविवारी सुट्टी मिळाली की दोन बस बदलून हातगरी, म्हणजे नुसती दोरी आणि गळ, घेऊन इथे यायचा.

"काय वैनी, आज पण पिसंच?" त्याने विचारलं.

"पिसंच."

"दगोळ मासे फिरतायत बघा तिकडं. पण पिसं कोण खाणार?"

तासभर कोणी खाल्ली नाहीत. सुजाताचा खांदा भरून आला. संजयराव मागून सूचना पुरवत होते, अजून लांब टाक, वारा डावीकडून आहे. ती वळली नाही. दीडशे दिरहमचे, म्हणजे साडेतीन हजारांच्या वर रुपयांचे बूट तिने खास या निसरड्या दगडांसाठी घेतले होते. ते तिने घट्ट रोवले आणि पुन्हा दोरी मागे झुलवली.

तेवढ्यात पुढ्यातलं पाणी उकळल्यासारखं झालं. बारीक मासळी उड्या मारत पळत होती आणि मागे चंदेरी पाठी चमकत होत्या. सुजाताने घाई केली नाही. एकदा मागे, थांबली, पुढे. दोरी सरळ जाऊन पडली. तिने टोपलीत दोन हात दोरी ओढली, आणि तिसऱ्या ओढीला समोरून कोणीतरी ओढलं.

टोपलीतली दोरी सरसर रिकामी झाली, काठीवरची चक्री किंचाळायला लागली आणि हातभर लांब दगोळ पाण्याबाहेर उसळून पुन्हा आपटला. पण सुजाताचा हात सुटला नाही.

"वैनी, द्या इकडं! तोडील तो!" दौलत गरी टाकून धावला.

सुजाताने डोळे मिटले. आता दोन्ही बाजूंनी हात येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हात आला, पण काठीपर्यंत पोचला नाही. संजयरावांनी दौलतचं मनगट धरलं होतं.

"दौलत, थांब. हात लावायचा नाही."

"अवो साहेब, दगडाला घासून दोरी जाईल!"

"जाऊ दे. तिची आहे."

मासा तीनदा पळाला. प्रत्येक वेळी सुजाताने त्याला पळू दिलं आणि प्रत्येक वेळी वळवून आणलं. घाम तिच्या डोळ्यांत जात होता आणि ती मोठमोठ्याने त्या माशाशी भांडत होती. "ये म्हणते ना! दोन वर्षं थांबलेय मी!" संजयराव दौलतला धरूनच उभे होते. त्यांच्या तोंडून "अगं, जरा—" एवढंच निघालं आणि त्यांनी ओठ दाताखाली धरला.

शेवटी मासा कडेला आला. सुजाता ओल्या दगडावर गुडघ्यांवर बसली, काठी डाव्या हाताने उंच धरली आणि उजवा हात पाण्यात घालून शेपटीपाशी घट्ट आवळला. पाठीवरचा काटा तळव्यात रुतला. तिने सोडलं नाही. उचलला आणि छातीशी धरून वर आली. चेहऱ्यावर खारं पाणी, कुडत्यावर खवले, तळव्यातून रक्त. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

"मानलं वैनी," दौलत म्हणाला.

संजयरावांनी दौलतचं मनगट आत्ता कुठे सोडलं. त्यावर चार बोटं लाल उमटली होती. खिशातून घडी केलेला रुमाल काढून ते दोन पावलं पुढे आले आणि हातभर अंतरावर थांबले.

"सुजाता," त्यांनी विचारलं, "आता लावू का हात?"

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि मासा आणखी घट्ट धरला.

ते थांबले.