जळगावचा सूर्यास्त

विधीने शीड उतरवलं, नांगर सोडला आणि तो तळाला घट्ट रुतल्याची खात्री करूनच मागे वळून पाहिलं. तिचे वडील, निर्मलकुमार, कठडा धरून उभे होते. जळगावच्या कापडबाजारात भल्याभल्यांना न जुमानणारा हा गृहस्थ अंदमानच्या समुद्रात सकाळपासून मुलीच्या तोंडाकडे बघत श्वास घेत होता.

"थांबली का?"

"थांबली, पप्पा. आता जागची हलत नाही."

शिडाची बोट थायलंडपर्यंत नेऊन पोचवायचं काम तिला चालून आलं होतं. पण घरात शेवटचा शब्द दादीचा, म्हणजे पानबाईंचा; आणि पानबाईंनी "आधी तुझी बोट तर बघू" म्हणत थेट अंदमान गाठलं होतं. दिवसभर बेटांमधून फिरताना बोट कितीही कलली तरी म्हातारीच्या कपाळावर आठी नव्हती. विधी मनातून खूश होती.

तेवढ्यात पानबाई खालच्या खोलीतून माळ आटोपून वर आल्या. हातात थेपल्यांचा डबा होता. त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं आणि उघडलेलं झाकण पुन्हा लावलं. सूर्य बुडाला होता.

दिवस मावळला की पानबाई पाणीसुद्धा घेत नाहीत. जळगावच्या जैन स्थानकातल्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बघूनच त्या निघाल्या होत्या. पण ती वेळ तिथली. इथे घड्याळ तेच, आणि दिवस मात्र चांगला पाऊण तास आधी संपतो.

"तुला हे ठाऊक नव्हतं?" निर्मलकुमारांनी विधीला विचारलं.

"होतं. म्हणून तर उजेडात नांगर टाकला." तिचा आवाज पडला. "दादीच्या जेवणाचं डोक्यातच आलं नाही."

"वारा डोक्यात राहतो, भरती-ओहोटी राहते. घरचं माणूस उपाशी राहिलं, ते नाही. बस झालं हे. ते काम नको आणि बोटही नको."

विधीच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक खरीच होती, म्हणून ते जास्त लागलं.

"मीपण जेवणार नाही, दादी."

"का गं? माझा नेम आहे, तुझा नुसता रुसवा. रुसव्याचं पुण्य लागत नाही." पानबाईंनी डबा तिच्या हातात दिला आणि शेजारी बसल्या. "इथे दिवस लवकर मावळतो, तर उगवतही असेल लवकर?"

"हो."

"मग सकाळचा घासही लवकरच मिळेल. माझं काय गेलं? आणि त्या थायलंडात?"

"तिथलं घड्याळच वेगळं, दादी."

"मग माझ्यासारखं कॅलेंडर बघून बसू नकोस तिकडे. सूर्य दिसेल ना? त्याच्याकडे बघून वेळेवर जेवत जा."

निर्मलकुमार आईसमोर आले. "बाई, तिला तिकडे पाठवतंय कोण?"

"मी," पानबाई म्हणाल्या. "बाजारात कोणी विचारलं, तर माझं नाव सांग."