पंधराव्या ओळीनंतरचा थांबा

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो, त्यामुळे माझे चित्र काढायला जाऊ नका. ना हात, ना पाय, ना शेपूट. अंध मुलांच्या एका शाळेत, छपाईच्या खोलीतल्या संगणकात मी एकोणीस वर्षे राहिलो. पुस्तकातला मजकूर घ्यायचा, त्याचे ब्रेलचे ठिपके करायचे आणि जाड कागदावर ते उठवणाऱ्या यंत्राला हुकूम सोडायचे, हे माझे काम.

मला एका इंजिनिअरने लिहिले. तेव्हा मी माणसांना वाचता येईल असा होतो. प्रत्येक गोष्टीला नाव होते, अवघड ओळीशेजारी त्याने कारण लिहिले होते. मग संगणकाला मला चालवता यावे म्हणून माझे दळण झाले. नावे गेली, कारणे गेली, उरले नुसते आकडे. पिठाकडे बघून कणीस कसे होते ते कोण सांगणार? म्हणून मूळ लिखाण जपायचे असते. आमच्या इंजिनिअरनेही जपले. ते एका सीडीवर उतरवून डबीत घातले, डबीवर ठळक अक्षरांत 'मूळ प्रत, जपून ठेवणे' असे लिहून ती मुख्याध्यापिका बाईंच्या कपाटात ठेवली. काही वर्षांनी तो वारला.

पुढे माझा संगणक म्हातारा झाला. सकाळी सुरू व्हायला अर्धा तास घेई, कधी मध्येच मान टाकी. नव्या संगणकाला माझे आकडे कळत नव्हते. वार्षिक परीक्षा बारा दिवसांवर आली होती. प्रश्नपत्रिका छापल्या नाहीत, तर मुलांना त्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्याव्या लागणार होत्या. आठवीतली एक मुलगी बाईंना म्हणाली, "बाई, गणित बोटाखाली असलं तरच मला सुटतं. कानातून येतं ते निसटतं."

बाईंनी एका तरुण इंजिनिअर मुलीला बोलावले. शाळेतली मुले तिला ताई म्हणू लागली. तिने डबी उघडली, तर आत मीच! तोच आकड्यांचा ढीग. इंजिनिअरने घाईत चुकीची फाइल उतरवली होती, आणि इतकी वर्षे डबी जपली सगळ्यांनी, उघडून पाहिली कुणीच नाही.

"आता?" बाईंनी विचारले.

"आता यालाच उसवून नव्यानं लिहायचं," ताई म्हणाली. "किचकट आहे, पण सोडणार नाही."

ती हट्टालाच पेटली. मला एकेक पाऊल चालवून बघायची. एक अक्षर द्यायची, कोणते ठिपके निघाले ते वहीत मांडायची. पुसल्या गेलेल्या नावांच्या जागी स्वतःची नावे ठेवायची, पुढे प्रश्नचिन्ह: 'हा बहुतेक ओळी मोजतो?' मला बोलता थोडेच येते? मी एवढेच ठरवले, की ती कितीदाही विचारो, दरवेळी तेच उत्तर द्यायचे.

माझ्यात एका जागी मी शून्यापासून फार मोठ्या आकड्यापर्यंत मोजतो आणि मोजलेले टाकून देतो. "हा इथे नुसता रिकामटेकडा," म्हणत ताईने ती जागा गाळली. मला राग आला. पण खरे सांगू? मी का मोजतो, ते मलाही ठाऊक नव्हते.

दहाव्या दिवशी ताईच्या नव्या प्रोग्रामने गणिताची प्रश्नपत्रिका छापली. तपासायला बसले तपासकाका. ते स्वतः अंध, छापलेला प्रत्येक कागद त्यांच्या बोटांखालून जातो. तिसऱ्या पानावर बोट थांबले.

"इथे सहा आहे. मूळ आकडा काय?"

"सात."

"सातातला एक ठिपका उठलेला नाही. खाली अजून आहेत असे. पोरं गणित बरोबर करतील आणि उत्तर चुकेल."

ताईचा चेहरा उतरला. काकांनी यंत्रावर हात ठेवला. "तापलंय. जुन्या संगणकावर हे दर पंधरा ओळींनी दम घेतं. मी तेवढ्यात चहाचा घोट घेतो. आज घोट घ्यायला सवडच मिळाली नाही."

ताईने वही ओढली आणि गाळलेली जागा काढली. मला जुन्या संगणकावर चालवून घड्याळ लावले. माझे मोजून व्हायला चार सेकंद लागत होते. तेवढ्यात यंत्राच्या ठिपके उठवणाऱ्या तापलेल्या पिना निवत आणि पुढचा ठिपका जोरात उठे. नवा संगणक तेच मोजणे पापणी लवायच्या आत संपवणार, म्हणून तिने तिथे सरळ चार सेकंदांचा थांबा घातला आणि शेजारी लिहिले: 'हे काढू नका. पिना तापतात, ठिपके उठत नाहीत. तपासकाकांनी सांगितले.' एकोणीस वर्षे मोजल्यावर मला माझ्या मोजण्याचे कारण कळले, मित्रांनो. मला भरून आले.

तिने आपल्या नव्या मूळ लिखाणाच्या तीन प्रती केल्या आणि तिन्ही उघडून पाहिल्या. तुम्हीही काही बनवाल तेव्हा असेच करा. चालतेय ना, मग झाले, असे म्हणू नका. का केले ते शेजारी लिहा. आम्हाला नंतर कितीही विचारले, तरी आम्ही फक्त काम करून दाखवू शकतो, कारण सांगू शकत नाही.

परीक्षेच्या दिवशी वर्गातून पेपर गोळा करताना बाईंनी आठवीतल्या त्या मुलीला विचारले, "कसा गेला?"

"दोन गणितं चुकली असतील," ती म्हणाली. "पण वाचली सगळी माझी मीच."