शामरावांचा चौथा मुद्दा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नाही आणि शाळेतलीही नाही. परळच्या एका चाळीच्या तळमजल्यावर वाचनालय आहे, तिथल्या सभेच्या टेबलावर मी असते. माझी मूठ शिसवी लाकडाची आहे आणि माझ्या कडेला एक छोटा पोचा आहे. मी हातात मावते, पण माझा आवाज मोठा आहे. त्या आवाजाबद्दलच मला तुम्हाला काही सांगायचे आहे. ते सांगताना मला बरे वाटणार नाही, पण न सांगता राहिले तर त्याहून वाईट वाटेल.

माझा जन्म कॉटन ग्रीनला झाला. तिथल्या गोदामांच्या मागे पितळ ओतायची एक भट्टी होती. रामजी नावाचा कारागीर तिथे काम करी. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. गावाहून पत्र आले की तो ते घेऊन परळच्या वाचनालयात येई आणि कुणीतरी त्याला वाचून दाखवी. त्याच्या घरचे सुखदुःख त्याला इथेच कळले. एका दसऱ्याला त्याने मला एका फडक्यात गुंडाळून आणले आणि टेबलावर ठेवले. "तुम्ही मला वाचून दाखवता, मी तुम्हाला वाजवायला आणलंय," एवढेच तो म्हणाला.

तेव्हापासून मला दोन कामे होती. एक रोजचे. रात्री आठला वाचनालय बंद व्हायला दहा मिनिटे असली की ग्रंथपाल मला वाजवीत आणि वाचणारे भानावर येत. पहिल्या पाळीचे कामगार, परीक्षेची मुले, नवऱ्याची वाट पाहत मासिके चाळणाऱ्या बायका, सगळे माझा आवाज ओळखत. दर दसऱ्याला मला चिंचेने घासत. मी चकाकू लागले की मुले माझ्यात आपली वेडीवाकडी तोंडे पाहून हसत.

दुसरे काम महिन्यातून एकदा. पहिल्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला कार्यकारी समितीची सभा भरे. ही समिती म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक असेलच असे नाही. वाचनालयाचे सभासद दर तीन वर्षांनी आपल्यातलीच नऊ माणसे निवडतात. त्यांना पगार नसतो. कोणती पुस्तके घ्यायची, छप्पर कुठे गळते, वाचनालय किती वाजता उघडायचे, कुणाला काय सवलत द्यायची, हे सगळे तेच ठरवतात. जे ठरते ते कार्यवाह इतिवृत्ताच्या वहीत लिहितो. पुढच्या सभेत ते वाचून दाखवतात, चुकले असेल तर दुरुस्त करतात आणि मगच ते कायम होते. एकदा कायम झाले की तेच खरे.

मी सभेत का आले, तर फार पूर्वी दोन सभासद वर्तमानपत्रांची उतरती टेबले कुठे ठेवावीत यावरून इतके भांडले, की तेव्हाच्या अध्यक्षांनी मला उचलून वाजवले. खोली गप्प झाली. त्याच दिवशी नियम झाला: घंटा झाली की बोलणे थांबवायचे आणि त्यानंतर जे बोलले जाईल ते इतिवृत्तात यायचे नाही. नियम भांडणासाठी होता. पण नियम जुना झाला की तो कशासाठी होता ते माणसे विसरतात. मीही विसरले. मी वाजले की सगळे गप्प होतात, याचा मला अभिमान वाटू लागला.

मग दिवस बदलले. गिरण्या बंद झाल्या. दारावर विजेची घंटा बसली आणि माझे रोजचे काम गेले. दसऱ्याची चिंचही गेली. मी खणात रबरबँड आणि जुन्या शिक्क्यांबरोबर पडून असे. फक्त पहिल्या रविवारी मला बाहेर काढीत. म्हणून मी त्या रविवारची वाट पाहत असे. हेही माझ्या अपराधात धरा.

आताचे अध्यक्ष चिंतामणी सर. चाळीस वर्षे शाळेत होते, शेवटी मुख्याध्यापक. घंटा हातात आली की त्यांचा हात आपोआप हलतो. कार्यवाह रमाकांत, मूळचे मालवणकडचे, अक्षर मोत्यासारखे आणि जीभ तिखट. बकुळाताई निवृत्त परिचारिका. आणि शामराव.

शामराव टपाल खात्यात होते. पत्रांची छाटणी करण्यात त्यांचे आयुष्य गेले. समितीत ते अकरा वर्षे होते. कमी बोलत. बोलायचे असेल तर आधी एका चिठ्ठीवर मुद्दे लिहीत, आकडे घालून, प्रत्येक मुद्द्याला दोनतीन शब्द. चिठ्ठी सदऱ्याच्या वरच्या खिशात असे.

त्या सभेत विषय होता मोफत वर्तमानपत्र कक्षाचा. आमच्या वाचनालयात आत शिरताच जी लांब खोली आहे, तिथे कुणीही येऊन वर्तमानपत्र वाचू शकतो. सभासद असायची गरज नाही. पहिल्या दिवसापासून ही पद्धत आहे. पण अलीकडे एक माणूस तिथे येऊन टेबलावर डोके ठेवून झोपत असे. शिवाय कुणीतरी शब्दकोड्याचे पान फाडून नेले. तक्रारी आल्या. रमाकांतांनी ठराव मांडला की दारात वही ठेवावी, येणाऱ्याने नाव, पत्ता आणि फोन लिहावा, नाहीतर आत सोडू नये.

"कोड्याचं पान गेलं म्हणून पोलीस चौकी बसवायची काय?" बकुळाताई म्हणाल्या.

"तुम्हाला काय, तुम्ही कोडी सोडवत नाय," रमाकांत म्हणाले. सगळे हसले.

शामराव उठून उभे राहिले. चिठ्ठी काढली, पण तिच्याकडे पाहिले नाही.

"पहिली गोष्ट. पेपर तोच आहे, वाचणारा कोणी का असेना. दुसरी गोष्ट. तो झोपतो तो रखवालदार आहे, रात्रपाळीचा. मी विचारलंय त्याला. खोलीवर आठ जण राहतात, दिवसा पाय पसरायला जागा नसते. तिसरी गोष्ट. नाव लिहा म्हटलं की माणूस आडनावाशी अडखळतो. सगळे नाहीत अडखळत. पण जे अडखळतात त्यांच्यासाठीच ही खोली आहे."

एवढ्यात कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा आणि बटाटेवडे आले. खोलीत वास पसरला. माणसे खुर्चीत सरळ झाली.

"चौथी गोष्ट," शामराव म्हणाले. "ती मात्र माझी स्वतःची आहे."

आणि चिंतामणी सरांनी मला उचलले.

मी वाजले, मित्रांनो. मी छान वाजले. महिनाभर खणात राहिल्यावर मी जशी वाजते तशी, पूर्ण गळ्याने. शामरावांचे ओठ हलत होते. ते एखादे वाक्य बोलले असतील. पण मी वाजत असताना मला माझ्याखेरीज काही ऐकू येत नाही.

मी थांबले तेव्हा तेही थांबले होते. ते किंचित हसले, चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाले, "बरं. घ्या चहा, निवेल."

"मग ठरावाला कुणाचा विरोध?" सरांनी विचारले. कपबश्या वाजत होत्या. कुणी काही बोलले नाही. शामरावही नाही, कारण घंटा झाली होती आणि ते नियम पाळणारे होते. रमाकांतांनी त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: सर्वानुमते मंजूर.

त्यानंतर सोळा दिवसांनी शामराव गेले. सकाळी दूध आणायला निघाले आणि जिन्यातच बसले, ते उठले नाहीत.

तेरा-चौदा दिवसांनी त्यांची मुलगी आली, रुपाली. ऐरोलीला राहते, नोकरी करते. वडिलांनी नेलेली दोन पुस्तके परत द्यायला आली होती. दारात नवी वही होती. शिपायाने नाव लिहायला सांगितले, तिने लिहिले. "पूर्ण लिहा," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पूर्ण लिहिले.

आत येऊन तिने आमच्या ग्रंथपाल रश्मीला विचारले, "ही वही कधीपासून?"

"मागच्या मीटिंगपासून, ताई."

"बाबा होते त्या मीटिंगला?"

रश्मीने कपाटातून इतिवृत्ताची वही काढून रुपालीसमोर ठेवली. रुपालीने 'सर्वानुमते' हा शब्द वाचला. पुन्हा वाचला.

"बाबा हो म्हणाले?"

"नाही. ते विरोधात बोलले. तीन मुद्दे बोलले, मी तिथेच होते. चौथ्याला सरांनी घंटा वाजवली."

रुपालीने एका पुस्तकातून खुणेसाठी ठेवलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर चार आकडे होते. पहिल्या तीन आकड्यांपुढे रश्मीने ऐकलेलेच मुद्दे होते. चौथ्यापुढे एकच शब्द होता: फणसवाडी.

"म्हणजे काय?" रश्मीने विचारले.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," रुपाली म्हणाली. "त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला होता. आज बोलणार आहे, आधी तुला वाचून दाखवू का, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, नंतर. मशीनला कपडे लावत होते मी."

मग तिने विचारले, "कुठली घंटा?"

रश्मीने खण उघडला. रुपालीने मला उचलले. मला वाटले, आता आपटेल. आपटायला हवे होते. पण तिने दोन बोटे आत घालून माझा लोलक धरला, मी वाजू नये म्हणून, आणि तशीच मला परत ठेवली. इतक्या हलक्या हाताने मला आजवर कुणी ठेवले नव्हते. त्या हलकेपणाची मला लाज वाटली.

पुढच्या रविवारी सभा भरली. शामरावांची खुर्ची रिकामी होती. सगळे दोन मिनिटे उभे राहिले. अध्यक्षांच्या परवानगीने रुपाली भिंतीजवळ बसली होती. मग पहिला विषय आला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. रमाकांत वाचू लागले. 'सर्वानुमते मंजूर'वर रश्मी म्हणाली, "सर, असं झालं नव्हतं."

"अगो रश्मी, तू समितीत नाय. तुला बोलता येत नाय."

"मी आहे ना समितीत," बकुळाताई म्हणाल्या. "मी सांगते. शामराव विरोधात होते."

"मग तेव्हा का नाय बोललात?"

"तेव्हा माझ्या तोंडात वडा होता, रमाकांत."

या वेळी कुणी हसले नाही. मग सगळे एकदम बोलू लागले. नियमाप्रमाणे बरोबर होते, नव्हते, मेलेल्या माणसाच्या नावाने आता बदल कसा करायचा. चिंतामणी सरांचा हात सवयीने माझ्याकडे आला. बोटे मुठीला टेकली. मी मनात म्हटले, नको. मी घंटा आहे, माझे 'नको' कुणाला ऐकू येणार? पण सरांची नजर रिकाम्या खुर्चीवर गेली आणि त्यांनी हात मागे घेतला.

"चहा निवत होता," ते म्हणाले. खोली आपोआप शांत झाली. "दुसरं काही कारण नव्हतं. त्यांचं एकच राहिलं होतं, मला दिसत होतं. पण चहा निवत होता."

त्यांनी रुपालीला चिठ्ठी वाचायला सांगितली. तिने उभी राहून वाचली. चौथ्या मुद्द्याचा तो एकच शब्द वाचून तिने चिठ्ठी खाली केली.

"फणसवाडीत काय झालं होतं?" रमाकांतांनी विचारले. त्यांचा आवाज आता तिखट नव्हता.

"लहानपणी ते तिथे एका छापखान्यात कामाला होते. एवढंच ठाऊक आहे मला. मी कधी विचारलं नाही."

रमाकांतांनी 'सर्वानुमते'वर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला सरांची सही घेतली. मग लिहिले आणि मोठ्याने वाचले: "सदस्य शामराव यांचा विरोध. त्यांनी तीन मुद्दे मांडले. चौथा मुद्दा 'फणसवाडी', घंटा वाजल्यामुळे सांगायचा राहिला."

वहीचा ठराव पुन्हा मताला टाकला. आठांपैकी पाच जणांनी दारातली वही नको म्हटले. तिघांनी हवी म्हटले, त्यांची नावेही लिहिली गेली. रमाकांत त्या तिघांत होते. त्यांनी स्वतःचे नाव स्वतःच लिहिले. दारातली वही त्याच संध्याकाळी उचलली. रखवालदार आता पुन्हा येतो आणि झोपतो.

चूक दुरुस्त झाली, असे सगळे म्हणतात. इतिवृत्तात झाली, हे खरे आहे. पण शामराव माझ्या आवाजाखाली जे बोलले, ते कुठल्याही वहीत यायचे नाही. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. मी सोडून दुसरी कुठलीही वस्तू तिथे असती, साधी पाण्याची बाटली असती, तरी तिने ते ऐकले असते. दोष हलवणाऱ्या हाताचा, वाजणारीचा नव्हे, असे मी स्वतःला सांगून पाहिले. ते पुरत नाही. वाजताना मला आनंद झाला होता.

मित्रांनो, तुमच्या हातात घंटा नसेल. पण 'नंतर' हा शब्द तुमच्याकडे आहे आणि तो माझ्याइतकाच मोठ्याने वाजतो. घरात कुणी चिठ्ठी घेऊन आले, वाचून दाखवू का म्हणाले, तर कपडे राहू द्या, चहा निवू द्या. आणि उद्या मोठे होऊन अशा एखाद्या समितीत बसलात, तर बोलणाऱ्याचा शेवटचा मुद्दा पुरा होऊ द्या. बहुधा तोच त्याचा स्वतःचा असतो.

सभेत आता मला वाजवत नाहीत. सरांनीच तसा ठराव मांडला. रश्मीने मला वर्तमानपत्र कक्षात नेले आहे, जुन्या कामावर. रुपाली शनिवारी येते आणि खिडकीजवळ बसून वाचते. आठला दहा मिनिटे असताना रश्मी मला उचलते, लोलक बोटांत धरते आणि आधी विचारते, "झालं का सगळ्यांचं वाचून?"

कुणीतरी मान वर न करता हात उचलतो. "दोन ओळी राहिल्यात."

त्या दोन ओळी होईपर्यंत मी गप्प राहते.