डाव्या काठाचा रस्ता

"एक आंख बंद कर ले, नागसेन. दूसरी कू बोल, हिलना नक्को."

पंचावन्न वर्षं झाली, तरी उस्तादांचा हा आवाज नागसेनच्या कानात तसाच होता, तंबाखूच्या वासासकट. हैदराबादेत एका नाटक कंपनीचे पडदे रंगवायची लांबलचक खोली होती. तिथं जमिनीवर मांजरपाट अंथरून उस्ताद त्याच्यावर शहरं उठवायचे. त्यांच्या ट्रंकेत एक फाटकं पुस्तक होतं, इटलीतलं. त्यातलं अक्षर ना उस्तादांना वाचता यायचं, ना नागसेनला. पण चित्रं होती. कमानीमागं कमान, खांबामागं खांब, आणि फरशीच्या सगळ्या रेघा संध्याकाळी पाखरं झाडावर उतरावीत तशा एकाच ठिकाणी उतरलेल्या.

"सब लकीरां एकीच जगा जाको मरतीं," उस्ताद म्हणायचे.

विशीतल्या नागसेनला ते पटायचं नाही. त्याला वाटायचं, मरत कशाला असतील, पुढं चालत असतील. आपली नजर तेवढी थांबत असेल. दुपारी तो अर्धवट रंगवलेल्या रस्त्यावरच अंग टाकायचा. उठायचा तेव्हा पाठीला निळा रंग लागलेला असायचा आणि पाय लांबून चालून आल्यासारखे दुखायचे.

गावी आल्यावर त्यानं पहिला पडदा रंगवला तोच रस्त्याचा. गाव ताडकळसच्या अलीकडं, ओढ्याकाठी. कापड पाटलांनी दिलं. शाळेपुढची जागा सारवून तिथं नाटक झालं. मधोमध पाटलांची खुर्ची, दोन्ही बाजूंना मानाच्या खुर्च्या, मागं गाव. पडदा उघडला, गॅसबत्तीच्या उजेडात दुतर्फा माड्या आणि फरसबंदी रस्ता दिसला, आणि पाटील मोठ्यानं हसले. रस्ता एका अंगाला कलला होता. माड्या डावीकडं ओढल्यासारख्या झुकल्या होत्या.

त्या दिवसापासून गावात कुणी पिऊन झोकांड्या खात निघाला की लोक म्हणायचे, "चालला बघ नागसेनच्या रस्त्यानं."

नागसेननं कधी उलटून उत्तर दिलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शाळांच्या भिंती रंगवल्या, पोरं शिकवली. आता शहात्तरी आली होती. अन् यंदा माघात किशनराव, त्या पाटलांचे चिरंजीव, स्वतः दारात आले.

"पेंटर, यात्रेला पुन्हा नाटक बसवायलोत आमी. तुमचा पडदा शाळेच्या माळ्यावर सापडला. रंग अजून झ्याक हाय. रस्ता तेवढा सरळ करून द्या."

"आता?"

"मग कवा? वर गेल्यावर? चूक दुरुस्त करायचा चान्स देऊ लागलोय तुमाला. न्हाईतर सेलूहून फ्लेक्स छापून आणतो, एका दिवसाचं काम."

नागसेन म्हणाला, "बघतो."

खरं तर त्यानं मनात होकार दिला होता. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, गावाच्या तोंडून ऐकावं वाटत होतं, नागसेनचा रस्ता सरळ हाय. पण त्यासाठी जो रस्ता मिटवावा लागणार होता, तो तसा का रंगवला होता ते नागसेनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढं, पूर्वी असायचा तिथंच, पडदा टांगला. शाळेला सुट्टी होती. वेचून उरलेला कापूस वाऱ्यावर उडत येऊन पडद्यावरच्या माड्यांच्या खिडक्यांत अडकत होता. कुणी आत राहायला आल्यासारखं वाटत होतं. नागसेन सरसात रंग कालवत बसला. नात बबिता सोबत होती. ती आर्किटेक्चरला होती, आठ दिवसांसाठी आलेली. इटलीतल्या जुन्या वास्तुकारांनी अंतर कसं चितारायचं यावर जे ग्रंथ लिहिले, त्यांवरच तिचा प्रबंध होता.

"आबा, तुमच्या उस्तादांचं पुस्तक त्यातलंच असणार," ती म्हणाली. "आधी एकानं नुसता आरसा धरून अंतर कसं दिसतं ते दाखवलं. मग दुसऱ्यानं नियम लिहिले, की चित्र म्हणजे खिडकी समजा. पुढं ते नाटकवाल्यांच्या हाती गेलं. राजाच्या दरबारात पडदा रंगवायचा तो राजाच्या खुर्चीवरून मापून. त्या खुर्चीतून बघितलं की शहर खरं. बाकीच्यांना थोडं वाकडं."

"बाकीच्यांनी तक्रार न्हाई केली?"

"कुणाकडं करणार?"

नागसेन हसला. बबितानं फोनवर एक छत दाखवलं. "हे रोममधलं चर्च. वरचा घुमट खोटा आहे, सपाट कापडावर रंगवलेला. पण खाली जमिनीत एक गोल दगड बसवलाय. त्याच्यावर उभं राहिलं की घुमट खरा वाटतो. चार पावलं सरकलं की कलंडतो. रंगवणाऱ्यानं नंतर त्यावर ग्रंथच लिहिला."

मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं दोरा घेतला. माड्यांच्या कडांवर, फरशीच्या रेघांवर तो ताणून धरला. एक, दोन, सात रेघा. सातही पडद्याच्या डाव्या काठाला, जमिनीपासून अडीच फुटांवर, एकाच ठिकाणी मिळाल्या. तिनं पुन्हा मोजलं. फरशीच्या चौकोनांवर तिरका दोरा धरून अंतर काढलं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "हे चुकलेलं नाही. एक रेघ चुकलेली नाही. फक्त बघायची जागा मधली नाही." ती पावलं मोजत गेली आणि डावीकडं, आताच्या हापशाजवळ, खडूनं फुली मारली. "इथं. तेही खाली बसलेल्या माणसाची. इथं कोण होतं?"

नागसेननं ब्रश बुडवला. "गाड्या सोडायचे तिथं," एवढंच म्हणाला.

गाड्या सोडायचे आणि वस्तीची माणसं बसायची. त्यांतच त्याची माय, पंचफुला. दिवसभर पाटलांच्या रानात खुरपून आलेली, जुवाला पाठ टेकून, पदरात फुटाणे घेऊन. खुरपताना ती त्याच्यावर ओव्या रचायची:

माझ्या लेकाचे गं हात, निळे तांबडे रंगानं
कसे धुवू बाई सांग, ओढ्याच्या पाण्यानं

ब्रशचं टोक पडद्याला टेकायला बोटभर राहिलं होतं. तेवढ्यात मोटारसायकल वाजली. किशनराव आले.

"अजून सुरुवात न्हाई? का रस्ता कुणीकडं वळवायचा त्याचाच इचार चाललाय?"

नागसेननं ब्रश डब्यात ठेवला. "किशनराव, एक काम करता? जरा खाली बसा."

"खुर्ची आणा की मग."

"खुर्ची नगं. तिथं, फुलीवर. जमिनीवर."

"गुडघ्याची वाटी बदलायची हाय माझी, अन् तुमी मला मातीत बसवायलाव?"

"मी धरतो."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांचे खांदे धरले. कुरकुरत, शिव्या देत, धोतराचा सोगा सावरत किशनराव हापशाच्या कडेला बसले. बबिता म्हणाली, "एक डोळा मिटा, काका."

किशनरावांनी डोळा मिटला.

वाकलेल्या माड्या ताठ उभ्या राहिल्या होत्या. फरशी पायांपासून सुरू होऊन सरळ, शांत, आत आत चालली होती. वाऱ्यानं पडदा हलला तशी कुणीतरी त्या रस्त्यानं नुकतंच गेल्यासारखी झुळूक आली. किशनरावांनी नकळत हात पुढं केला.

"आयला," ते पुटपुटले. "हा तर जातोय. सरळ जातोय की हो."

त्यांनी मान वळवून मधल्या जागेकडं बघितलं, जिथं त्यांच्या वडिलांची खुर्ची असायची. मग स्वतःच्या मांडीखालच्या मातीकडं.

"पेंटर, इथं कोण..." प्रश्न त्यांनी पुरा केला नाही. इथं कोणाची माणसं बसायची, ते त्यांनाही आठवत होतं.

"माझी माय," नागसेन म्हणाला. "माझी चूक न्हाई झाली, किशनराव. तिला मधी कुणी बसू दिलं नसतं. म्हणून मीच रस्ता तिच्याकडं नेला. तवा बोललो असतो तर पडदाबी गेला असता आन तुमच्या रानातलं तिचं कामबी. म्हणून गप बसलो. तुमी फ्लेक्स आणा न्हाईतर काय बी करा, ह्याला मी हात लावणार न्हाई." त्यानं हापशाच्या दांड्याला धरून श्वास घेतला. "तिलाबी कधी सांगितलं न्हाई मी. लोक हसले की ती भांडायची समद्यांशी. म्हणायची, आंधळे हाव का रे, सरळ तर हाय माझ्या लेकाचा रस्ता. तिला वाटायचं, समद्यांना तसाच दिसतो."