शेकाट्याच्या पायाभोवतीचं पाणी

डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही एका लांबट, उथळ होडीत बसला आहात. मागे उभा असलेला माणूस बांबूने होडी रेटतोय. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच नळगवत आहे आणि त्याच्या सावलीने पाणी तव्याच्या बुडासारखं काळं झालंय. त्या काळ्या पाण्यात एक पक्षी उभा आहे. पोट पांढरंशुभ्र, पंख काळे, पाय इतके लांब आणि बारीक, की कुणी काड्या खोचून ठेवल्यात असं वाटावं. हा शेकाट्या. तो एक पाय उचलतो, हळूच पुढे ठेवतो. पायाभोवती उजेडाचं एक वलय उठतं, पसरतं, विरून जातं.

आता डोळे उघडा आणि सांगा, साध्या शिसपेन्सिलीने ते वलय कसं काढाल?

घाई नाही. झुनूलाही लगेच सांगता आलं नव्हतं.

झुनू आमच्याच गावची, चिलिका सरोवराच्या काठची. वय दहा. तिचा बाप उद्धब बेहेरा होडीवाला. थंडीत पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तो दलदलीत फिरवून आणतो. पण एके काळी हाच उद्धब त्या पक्ष्यांना फासे लावायचा. एकटा तोच नव्हे, गावातले बरेच जण. मग एका साली सगळ्यांनी सरोवरातल्या कालीजाई देवीची शपथ घेतली आणि फासे जाळून टाकले. तेव्हापासून गावात एक रीत पडली. ज्याने जो पक्षी सगळ्यात जास्त धरला असेल, त्या पक्ष्याचं चित्र त्याने काचेच्या चौकटीत बसवून आपल्या होडीच्या पुढच्या टोकाला लावायचं. मागे उभं राहून होडी रेटताना ते सतत नजरेसमोर राहतं.

उद्धबची नवी होडी मार्गशीर्षातल्या गुरुवारी पाण्यात उतरायची होती. गावातली सगळी चित्रं बाजारातला रंगारी काढतो. त्याच्या हातून कुठलाही पक्षी बदकच होऊन बाहेर पडतो आणि पाणी म्हणजे निळी वेलबुट्टी. झुनूने बापाला बजावलं, "बापा, आपला शेकाट्या मी काढणार."

"काढ की. बुधवारी दिवे लागायच्या आत दे. नाहीतर मी चौकट घेऊन रंगाऱ्याकडे जाणार."

म्हणून बुधवारी दुपारी झुनू माझ्या ओसरीवर पालथी पडून चित्र काढत होती. मला गावातली पोरं अजा म्हणतात, म्हणजे आजोबा. मी त्यांना चित्रकला शिकवतो, पण रंग देत नाही, नुसती पेन्सिल देतो. शेकाट्या तिने झकास काढला होता. डोळ्यात उजेडाचा ठिपकासुद्धा राखला होता. मग ती पाण्याकडे वळली आणि चमकणारी वलयं एकामागून एक पेन्सिलीने ओढून मोकळी झाली.

तिचा थोरला भाऊ टुकुना डोकावला. "अरे वा! पक्षी तारेत अडकलाय वाटतं?"

"तार नाहीये ती. पाणी आहे, माकडा."

"मग पाण्याला गंज चढलाय."

एवढ्यात उद्धब आला. होडीला डांबर लावून त्याचे हात काळे झाले होते. तो वाकला, चित्र बघितलं आणि एक पाऊल मागे सरला.

"बापा, काय झालं?"

"हा फास आहे, झुनू."

"नाही रे, ते चमकतंय. पाणी आहे."

"पायात आवळलेला फास कसा दिसतो, ते मला ठाऊक आहे. हे होडीवर नाही लावायचं." तो रागावला नव्हता. म्हणूनच झुनूला जास्त लागलं. तो वळून निघून गेला.

झुनूने खोडरबर घेऊन ती वलयं घासली, कागदाला भोक पडेपर्यंत घासली.

मी तिच्यापुढे नवा कागद ठेवला. "हे बघ, चमक काढायची नसते. ती कागदात आधीपासून असते. आजूबाजूचं काळं करायचं आणि तेवढं पांढरं राखायचं."

तिने नाक पुसलं आणि पुन्हा शेकाट्या काढला. हा तर पहिल्याहून सरस उतरला. मग ती वलयाची जागा सोडून भोवतालचं पाणी काळं करायला लागली. पण उजेडाची ती रेघ केसाएवढी बारीक. पेन्सिल इकडून घसरली की ती बुजायची, तिकडून अडली की जाड व्हायची. शेवटी शेकाट्याच्या पायाशी जे उरलं, ते पाहून टुकुनाला राहवलं नाही.

"आता तांदळाचे गुबगुबीत मंडा पिठे ठेवलेत त्याच्यापुढे. उद्याचा नैवेद्य आजच?"

झुनूने पेन्सिल खाली ठेवली. ऊन उतरलं होतं.

समोरच्या घरातून तिच्या आईने हाक मारली, "झुने! तांदूळ वाटून झालेत. झोटी कोण काढणार? उद्या लक्ष्मी यायची आहे आणि भिंत कोरडी ठणठणीत!"

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारसाठी भिंतीवर तांदळाच्या पिठीने चित्रं काढतात, त्यांना झोटी म्हणतात. गल्लीत झुनूच्या हाताला तोड नाही. ती पाय ओढत गेली. मी ओसरीवरून बघत होतो. नुकत्याच सारवलेल्या काळपट भिंतीसमोर ती उकिडवी बसली, तीन बोटं पिठीत बुडवली आणि भाताची लोंबी ओढली. मग दुसरी. मग खाली लक्ष्मीचं एक पाऊल. पावलाभोवती तिने करंगळीने एक बारीक वळसा घातला आणि तशीच थांबली. बोटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. दुसऱ्या क्षणी ती पांढरे हात घेऊन धावत माझ्याकडे आली.

"अजा, भिंत आधीच काळी असते!"

"असते. सारवलेली असते ना."

"मग कागदच सारवला तर?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "सारवणार कशाने?"

तिने बोट दाखवलं. पेन्सिलींना टोक करताना पोरं शिसं घासतात, त्याची भुकटी मी एका डबीत साठवतो. ती डबी तिला हवी होती.

"आणि त्यात पक्षी बिघडला तर?" मी विचारलं.

झुनूने शेकाट्याकडे पाहिलं. तो खरंच फार सुंदर झाला होता. "बिघडला तर रंगाऱ्याचं बदक," ती म्हणाली आणि हात फ्रॉकला पुसून डबी उघडली.

चिंधीवर भुकटी घेऊन तिने शेकाट्याच्या पोटाखालचं सगळं पाणी सारवलं, नळगवताच्या मुळापर्यंत. पाय तेवढे पेन्सिलीने पुन्हा ठळक केले. ते जाडे पिठे गडप झाले. उरलं नुसतं काळं, गुळगुळीत, थांबलेलं पाणी.

पलीकडून आई ओरडली, "झुने, लक्ष्मीचं एकच पाऊल काढलंयस! लंगडत येणार का ती?"

"आले गं बोउ!"

उद्धब रिकामी चौकट काखेत मारून बाजाराकडे निघाला होता. ओसरीपाशी तो थांबला. झुनूने ब्लेडने खोडरबराला तिरकं टोक केलं, श्वास धरला आणि शेकाट्याच्या एका पायाजवळून ते टोक अलगद फिरवलं. काळं रबरावर आलं आणि कागदावर उजेडाची रेघ उठली. केसाएवढी. जशी पाण्यात उठते तशीच.

उद्धबने चौकट खाली ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवली. वाकून बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आता पाणी आहे. पण झुनू, फास सगळीकडून बंद असतो गं."

झुनूने मान डोलावली. रबराचं टोक चिंधीला पुसून स्वच्छ केलं. मग दुसऱ्या पायाभोवती वळसा घालता घालता तिने मध्येच हात उचलला आणि वलय एका बाजूने उघडं ठेवलं. चित्र बापाच्या हाती दिलं आणि लक्ष्मीचं दुसरं पाऊल काढायला पळाली.