पहिल्या फेरीचा गुलाल

प्राचीचं कृष्णविवर टिकणार की ढासळणार, याचा निकाल आज लागायचा होता, आणि तिच्या वडिलांनी, रामहरींनी, इंदापूरहून गुलालाची पिशवी आणून ठेवली होती. धन्य तो माणूस!

स्ट्रिंग सिद्धांतावरून सुचलेल्या गुरुत्वाकर्षणातही आपलं कृष्णविवर स्थिर राहतं, धक्का दिला तरी थरथरून पुन्हा शांत होतं, असं प्राची तीन वर्षं छातीठोकपणे मांडत होती. सगळा प्रबंध त्यावर उभा. पण परीक्षकांनी एक नवाच धक्का देऊन बघायला सांगितलं. संस्थेतला संगणक ते गणित करत होता, आणि सुट्टीला वरकुट्याला आलेली प्राची ओसरीवर लॅपटॉप मांडून बसली होती. पडद्यावर थरथरीची रेघ उमटत होती.

"रेघ खाली आली म्हंजी आपुन जिंकलो, व्हय ना?" शेजारी बसलेल्या रामहरींनी विचारलं.

"व्हय आप्पा, पण शेवटपर्यंत थांबा."

थांबणं त्या घराण्याच्या रक्तातच नव्हतं. मतमोजणीत पहिल्या फेरीच्या आघाडीवर गुलाल उधळणारी ही माणसं! रेघ जराशी खाली वाकली मात्र, रामहरींनी पिशवी मोकळी केली. शेजारच्या म्हस्कूनं हलगी कडाडवली. प्राची, लॅपटॉप, दारातली शेळी, सगळं गुलाबी होऊन गेलं.

तेवढ्यात रेघ वळली आणि सरसर वर चढू लागली.

"आप्पा, न्हाय टिकलं."

हलगी बंद. रामहरींचं तोंड एवढंसं झालं. "माझीच घाई नडली गं पोरी."

प्राचीनं ओढणीनं पडदा पुसला. रेघ चढायची थांबली होती. वरच सपाट होऊन निवांत चालली होती. जुनं कृष्णविवर मोडलं होतं खरं, पण त्याच्या जागी दुसरंच एक, चुंबकाभोवती असतं तसं एक नवंच क्षेत्र पांघरून, स्थिर उभं होतं. असलं काही होऊच शकत नाही, असं तिनंच प्रबंधात लिहिलं होतं. आनंदानं तिला काही सुधरेना. तिनं गाईडला फोन लावला.

"सर, मी चुकले! साफ चुकले! नवंच निघालं!" ओरडत ती अंगणभर नाचायला लागली.

रामहरी बायकोच्या कानाला लागले. "हरली का जिंकली गं?"

"मला काय ठावं?" फुलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण धाव्वीत पैली आली तवाबी एवढी नाचली न्हवती."