शंकररावाची साक्ष

इंदुरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि ज्या गिरणीच्या फाटकावर बाबूराव स्टुलावर बसून चौकीदारी करायचा तीही एका होळीनंतर उघडलीच नाही. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी टेम्पो चालवायला लागलं. बाबूरावला यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं. कंबर केव्हाच कामातून गेली होती. मणक्यातून निघालेली कळ थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरायची, आणि अलीकडे त्या पायातली चप्पल निसटून मागे पडली तरी त्याला कळत नसे. बायको मंजुळा मागून येताना उचलून आणायची.

हे दुखणं फौजेतलं होतं. इंदूरजवळच्या महूच्या छावणीत भरती झालेला माणूस, बापही फौजेतच होता. पहाडी मुलखात असताना पाठ दुखावली, आणि पुढे डॉक्टरी बोर्डाने त्याला मुदतीआधीच घरी पाठवलं. अपंगत्वाची पेन्शन मात्र मिळाली नाही, कारण इजा ड्यूटीवरची नव्हती. इतवारी परवानगी न घेता नदीवर पोहायला गेलो आणि दगडावर आपटलो, असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवलं होतं.

गिरणीचा पगार होता तोवर मंजुळेने खोदून विचारलं नाही. अपील करायचं ठरलं तेव्हा तुकोगंजातल्या वकिलांनी विचारलं, "बाबूरावजी, खरंच पोहायला गेला होतात?"

बाबूराव म्हणाला, "मला पोहता येत नाही."

लग्नाला इतकी वर्षं होऊन मंजुळेने ती हकिगत पहिल्यांदा ऐकली, तीही वकिलासमोर. शंकर नावाचा दोस्त ट्रक चालवत होता. रम पिऊन बसला होता. वळणावर ट्रक खड्ड्यात गेला आणि मागे रेशनच्या पोत्यांवर बसलेला बाबूराव खडकावर फेकला गेला. ट्रकचं बोनेट चेपलं, तेवढं निभावून गेलं असतं. पण माणूस जखमी झाल्याचं कळलं असतं तर चौकशी बसली असती आणि शंकर जेलमध्ये गेला असता.

"त्याचं नुकतंच लग्न झालं होतं," बाबूराव म्हणाला.

मंजुळेचंही त्याच वर्षी झालं होतं.

"आता एकच रस्ता आहे," वकील म्हणाले. "शंकररावांनी बोर्डापुढे येऊन हे सांगावं. नाही तर मुश्किल आहे."

"शंकर येईल," बाबूराव म्हणाला. "त्याला कळायचा अवकाश."

बसचे हादरे बाबूरावला सोसत नसत, म्हणून महूला शंकरच्या घरी मंजुळाच गेली. शंकरराव सुभेदार होऊन रिटायर झाला होता आणि त्याने सिक्युरिटीची कंपनी काढली होती. इंदुरात पलासियाला नवनव्या बँका आणि शोरूम उघडत होत्या, त्यांच्या दारात निळ्या वर्दीतली त्याचीच पोरं उभी असत. त्याने मंजुळेला मानाने बसवलं आणि बायकोला हाक मारली, "सुमन, चाय ठेव. बाबूभियाकडची वहिनी आलीय."

सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बाबूभिया एकदम सही बोलताहेत. मी नाही म्हणणार नाही. त्यांनी मला वाचवलं."

मंजुळेला हायसं वाटलं.

"पण वहिनी, हे बँकवाले माझ्याकडे का येतात? सुभेदारसाहेबांचं रेकॉर्ड साफ आहे म्हणून. दारू पिऊन गाडी घातली असं मीच चारचौघांत सांगितलं, तर उद्या कोण देईल काम? इतकी पोरं आहेत माझ्या भरवशावर."

"आणि आमचं घर कुणाच्या भरवशावर आहे?"

चहा आला, मंजुळेने कप हातात घेतला, तेव्हा शंकररावाने विचारलं, "तुमचा पंचशील काय करतो सध्या?"

"बी. कॉम. झालाय. घरीच असतो."

"त्याला पाठवा माझ्याकडे. गेटवर नाही उभा करणार. पलासियाच्या ऑफिसात बसवतो, पक्की नोकरी."

साक्षीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मंजुळेनेही काढलं नाही. तिने चहा संपवला आणि उठली.

परतीच्या बसमध्ये तिने स्वतःला समजावलं. पेन्शन मिळेलच याची खात्री कुणी दिली होती? पोरगा तर डोळ्यांसमोर वाया चालला होता, गिरणीतल्या रिकाम्या पोरांबरोबर दिवसभर पत्ते कुटत बसायचा. घरी तिने बाबूरावला एवढंच सांगितलं, "निरोप दिला. पंचशीलला कामावर बोलावलंय."

बाबूरावचा चेहरा उजळला. "बघ, विसरला नाही तो मला."

बोर्डाच्या दिवशी बाबूरावने घोटून दाढी केली, जुना कोट चढवला आणि दातओठ आवळत छावणीतल्या लष्करी दवाखान्यापर्यंतचा प्रवास केला. बाकावर बसून तो फाटकाकडे बघत राहिला. स्कूटर आली की मान उंच करायचा. आत बोलावणं आलं तेव्हा बूट काढायला मंजुळेला बरोबर जाऊ दिलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला सभ्य. त्याने पाय उचलायला लावला, तळव्याला टाचणी टोचली. बाबूरावला टोचलेलं कळलं नाही.

"पाठीची नस दबली आहे, यात शंका नाही," डॉक्टर म्हणाला. "पण हे ड्यूटीवर झालं, याला आधार?"

"साक्षीदार आहे, सर. येतोच आहे."

डॉक्टरने त्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर थांबू दिलं. त्यानंतर मात्र त्याचाही नाइलाज झाला. बाबूरावने पूर्वी सांगितलं होतं तेच कागदावर कायम राहिलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना बाबूराव म्हणाला, "त्याची गाडी बिघडली असेल. नाही तर तब्येत. उद्या तू जाऊन बघून ये."

हे मात्र मंजुळेला ऐकवेना. "तो येणारच नव्हता," ती म्हणाली. "पंचशीलला नोकरी दिलीय ना, ती त्याच्याच बदल्यात."

तो चिडेल, दोन शब्द बोलेल, असं तिला वाटलं होतं. तिला ते हवंही होतं. बाबूरावने फक्त विचारलं, "तू मागितलीस?"

"त्याने दिली. मी घेतली."

रिक्षा आली. तिच्या खांद्याचा आधार घेऊन तो कसाबसा आत बसला आणि म्हणाला, "पोराला कळता कामा नये. सोडून देईल."

अपील फेटाळलं गेलं. वकील हायकोर्टात जाऊ म्हणाले, तर बाबूरावने हात जोडले.

पहिल्या पगाराच्या दिवशी पंचशील मिठाई घेऊन आला. जेवताना आनंदाने सांगत होता, "बाबा, साहेब आज सगळ्या स्टाफसमोर बोलले, याच्या बापासारखा माणूस मिळणार नाही म्हणून. मला तर एकदम भारी वाटलं."

"चांगला माणूस आहे," बाबूराव म्हणाला. "नीट काम कर. त्याला बोलायला जागा ठेवू नकोस."

वाढायचं निमित्त करून मंजुळा उठली आणि बापलेकांचं जेवण होईपर्यंत ओट्याशी पाठमोरी उभी राहिली.